नववा तुकडा

"भरतीच्या वेळी राखणदार जनू ठाकूर हा उघाडी सोडून पळून गेल्यामुळे बांधास खांड पडली."

हे वाक्य रोह्याच्या ऑफिसात टाइप होऊन तयार होतं. खाली टिंबांची ओळ, जनूच्या सहीसाठी. सोमवारी अकरा वाजता जनूनं रोह्याला जायचं, सही करायची, आणि परत येऊन उघाडीवरची झोपडी खाली करायची. त्याचा आजा त्या उघाडीच्या राखणीला होता, बाप होता, तो स्वतः चाळीस वर्षं आहे. एका सहीत सगळं पुसायचं ठरलं होतं.

वाक्य खोटं होतं. ते खोटं आहे हे जनूच्या घराबाहेर तीन माणसांना माहीत होतं. एक त्या ऑफिसचा निकेश साहेब, ज्यानं ते टाइप करून घेतलं. दुसरा तिवरखारच्या गावकीचा पुढारी हिराजी पाटील, ज्यानं त्यावर मान डोलावली. तिसरा मी. त्या दोघांना निदान काहीतरी वाचवायचं होतं. मी नुसताच गप्प बसलो होतो, आणि ते जास्त हरामखोरपणाचं आहे.

मी दिनानाथ म्हात्रे. मूळचा तिवरखारचा, दुकान पेणला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. शेजारी गणपतीचा कारखाना आहे, त्याची पांढरी भुकटी वर्षभर माझ्या टेबलावर बसते. दहावी नापास. टीव्ही, मग केबल, मग वायरलेसचे डबे, सगळं उघडून, जाळून, परत जोडून शिकलो. पुस्तकं इंग्रजीत होती म्हणून इंग्रजी शिकलो. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणाला साहेब म्हणायची सवयही लागली नाही. निकेशला साहेब म्हणतो ते त्याच्या खुर्चीकडे बघून.

आमचं गाव धरमतरच्या खाडीला लागून. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात उघाडी. उघाडी म्हणजे दगडी मोरी, तिला लाकडी झडपा. भरती आली की खाडीचं पाणी झडपा दाबून बंद करतं, सुकती लागली की शेतातलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. बांध कुठं खचायला लागला तर अर्ध्या तासात माणसं पोचली पाहिजेत. तेवढ्यात माती, पेंढा, बांबू टाकून तो धरता येतो. अर्धा तास गेला की खांड पडते, खारं पाणी आत येतं, आणि तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही.

निरोपाची जुनी पद्धत साधी होती. उघाडीवर एक उंच बांबू. राखणदारानं त्यावर लाल फडकं चढवलं की ज्याला दिसेल त्यानं ओरडायचं, आणि घरटी एक माणूस पाटी-फावडं घेऊन बांधावर. कोण, कुठला, कुणाचा, काही नाही. फडकं वर म्हणजे धावा. खांड बुजली की मग देवळासमोर नारळ फुटायचा आणि मानकऱ्यांच्या घरांची नावं क्रमानं पुकारली जायची. गावात मानाची सहा घरं. पहिलं पाटलाचं. काम आधी, पुकारा नंतर. आमच्या वाडवडिलांना अक्षर येत नव्हतं, पण एवढी अक्कल होती.

शनिवारी दुपारी ठमाबाई दुकानात आली. ही जनूची बायको. बांधावरून तीन किलोमीटर चालत, मग रिक्षा, मग पेण. मी म्हटलं, बस काकी. ती बसली नाही. पिशवीतून रोह्याची नोटीस काढून माझ्या सोल्डरिंगच्या खाली सरकवली, असं की मला हातातलं काम थांबवायलाच लागलं.

मी नोटीस वाचली. तिनं विचारलं, लिवलाय काय त्याच्यात. तिला माहीत होतं, गावातल्या पोरींनी दहा वेळा वाचून दाखवलं असणार. तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी वाचलं.

"पलाला म्हंतात," ती म्हणाली. "तुजा डबा कुठं पलालता रे दिना?"

मी म्हटलं, काकी, ते जरा तांत्रिक आहे.

"मंग तांत्रिकच सांग. माजा घरवाला तांत्रिकच घराभायेर परनार हाय."

मी नोटीस घडी करून परत दिली. ती दारात थांबली, कारखान्यातल्या अर्धवट रंगवलेल्या मूर्तींकडे बघितलं, आणि जाता जाता म्हणाली की तुझा बाप उघाडीवर येऊन आमच्याकडे जेवायचा, त्याला तरी लाज होती. एवढं बोलून गेली. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता तो डबा.

दोन वर्षांपूर्वी रोह्याला एका योजनेचं ऑफिस निघालं. खाडीकाठच्या सोळा उघाड्यांवर डबे बसवायचे. डबा पाण्याची उंची मोजणार, ती वायरलेसनं पेणच्या डोंगरावरच्या टॉवरला सांगणार, टॉवर रोह्याला पोचवणार, आणि पाणी लाल रेघेवर गेलं की रोह्याचं ऑफिस अख्ख्या गावाच्या फोनवर निरोप टाकणार. डबे बसवायचं काम मला मिळालं, कारण बांधावर चिखलात उतरायला त्यांच्या पदवीवाल्यांपैकी कुणी तयार नव्हता.

मी निरोप बनवला आठ अक्षरांचा. उघाडीचा नंबर, पाण्याची उंची, आणि शेवटी एक किंवा शून्य. एक म्हणजे धावा. सगळे इंग्रजी आकडे. एका आकड्याला एक खण, असे आठ खण, बस्स.

कारण हवेलाही उघाडी असते. ही गोष्ट मला पटवायला दोन वर्षं लागली आणि शेवटी पटलीच नाही. डबा बॅटरीवर चालतो, वर हातभर सोलर. टॉवर अकरा किलोमीटरवर. मध्ये जेट्टीच्या क्रेन, हाय टेन्शनच्या तारा, वर पाऊस. हा सगळा गोंगाट. त्या गोंगाटातून बारीक आवाजात बोलायचं तर सावकाश आणि थोडं बोलावं लागतं. घाई केली की पलीकडच्याला अक्षर अक्षरातून वेगळं काढता येत नाही. किती रुंद वाट, किती जोरात आवाज आणि किती गोंगाट, एवढ्यावरून एका सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती जाईल याची हद्द ठरते. ते गणित कधीच झालेलं आहे, पाऊणशे वर्षांवर झाली. त्या हद्दीच्या पलीकडे साहेबाची सही चालत नाही आणि पाटलाची मिशीही चालत नाही.

आमच्या डब्याची हद्द एका पाळीला पन्नास खण. आणि पाळी कशासाठी, तर सोळा डबे एकाच हवेतून बोलणार. सगळे एकदम बोलले तर कुणाचंच कळणार नाही, म्हणून प्रत्येकाला आळीपाळीनं अठरा सेकंद. सोळा डब्यांची फेरी फिरून परत आपली पाळी यायला पाच मिनिटं. माझी आठ अक्षरं एका पाळीत जाऊन वर बेचाळीस खण रिकामे राहत होते.

ते रिकामे खण दिसले आणि यांची भूक चाळवली.

आधी निकेश साहेब. म्हणाला, निरोपावर ऑफिसचं आणि योजनेचं नाव पाहिजे, मराठीत, सगळ्यात वर. शासकीय पत्राला मथळा असतोच. मी सांगितलं की साहेब, मराठीचं एक अक्षर तीन खण खातं, काना वेगळे तीन, वेलांटी वेगळे तीन. तो हसला. म्हणाला, दिनानाथ, लोक फोनवर अख्खा सिनेमा बघतात, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात. मी म्हटलं, सिनेमाची वाट रुंद आहे, ही चिंचोळी आहे, आणि बांधावर फोनला रेंज असती तर हा डबा लागलाच नसता. तो म्हणाला, नाव टाका.

मग गावकी बसली. हिराजी पाटलानं विचारलं, बांधाचा निरोप गावात येनार, मानकऱ्यांची नावं कुठं हायत. मला वाटलं मस्करी करतोय. मस्करी नव्हती. बांधाच्या कामात मानाची नावं पुकारायची चाल आहे, आता पुकारा मशीन करणार, तर नावं मशीननंच घेतली पाहिजेत. एक जण म्हणाला, निदान पाणी आधी टाकू, नावं मागून. पाटलानं त्याच्याकडे असं बघितलं की तो बसूनच गेला.

"माजे नावाच्या आदी पानी?" पाटील म्हणाला.

मी तिथं उभा राहून उघाडीचंच उदाहरण दिलं. म्हटलं, पाटील, एका सुकतीला उघाडीतून किती पाणी निघतं? तो म्हणाला, झडपेएवढं. शेतात जास्त असलं तर? दुसऱ्या सुकतीपर्यंत थांबायचं. मग हवेचंही तसंच आहे, म्हटलं, एक नाव म्हणजे एक पाळी. सहा नावं म्हणजे अर्धा तास थांबायचं. गावकीतल्या प्रत्येकाला झडपेतून जाणारं पाणी डोळ्यांनी मोजता येतं, पण हवेला झडप आहे हे कुणी मानेना. हवा केवढी, म्हणे, आभाळभर.

मी तेव्हाच डबे उचलून न्यायला पाहिजे होते. तसं केलं नाही, त्याचं कारण लिहितो.

मानाचं सातवं घर आमचं होतं. माझ्या आजानं हिराजीच्या आजाला उघाडीच्या डोहात मासे धरण्यावरून सगळ्या गावासमोर हाणला, तेव्हा गावकीनं आमचा मान काढला. माझा बाप देवळासमोर सहा नावं ऐकत उभा राहायचा. सातवं कधी येणार नाही हे माहीत असूनही सहावं नाव झालं की तो क्षणभर थांबायचा. तसाच थांबत थांबत मेला. त्या बैठकीत हिराजीनं मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाला, तुझ्या बापाचं नाव परत घेऊ, सातवं, तू फक्त मशीनमधी बसव.

मी बसवलं. नाथा बाळू म्हात्रे. मधल्या मोकळ्या जागा धरून बरोबर पन्नास खण. एक काना जास्त असता तरी मावलं नसतं. मी दुकानात एकटा बसून दोनदा मोजलं आणि मला भरून आलं, हेही लिहून ठेवतो.

तर निरोप झाला नऊ तुकड्यांचा. पहिल्यात ऑफिस, पुढच्या सातात सात मानकरी, नवव्यात पाणी. नऊ पाळ्या. मेमध्ये उद्घाटन झालं तेव्हा फक्त आमचाच डबा चालू होता, त्यामुळे पाळी दर अठरा सेकंदांनी येत होती आणि तीन मिनिटांच्या आत सगळं रोह्याला पोचलं. टाळ्या पडल्या. ऑफिसचा बोर्ड लावायला उंच बांबू पाहिजे होता, म्हणून फडक्याचा बांबू उतरवून त्याच्यावर बोर्ड ठोकला. जनू म्हणाला, मंग फडका कुठं बांधू? त्याला सांगितलं, आता गरज नाही. ते सांगणारा मीच.

जूनमध्ये सोळाही डबे सुरू झाले. नऊ पाळ्यांना पाच मिनिटांप्रमाणं पाऊण तास लागायला लागला. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पाणी लाल रेघेवर गेलं नव्हतं. माझ्या आलं होतं. म्हटलं बघू.

आषाढी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, उधाण आलं. वर पाऊस. बारा चाळीसला पाणी लाल रेघेवर गेलं. जनूला बांधाची उघाडीजवळची कूस, म्हणजे शेताकडची बाजू, ओली दिसली. फोनला रेंज नाही. फडकं नाही. तो डब्याकडे बघत थोडा वेळ थांबला, कारण डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे मशीन बोलत होतं. गावातून कुणी येईना म्हणून मग दीड किलोमीटर धावत गेला. साठी उलटलेला माणूस, गुडघाभर चिखल. देवळापाशी हिराजी बसलेला. जनूनं सांगितलं, बांध चाललाय. हिराजीनं खिशातून फोन काढून बघितला आणि म्हणाला की निरोप आला नाय अजून, तू जाग्यावर जा. एक सतराला खांड पडली. सत्तर एकर खारं पाणी. डबा खांबासकट गेला.

ठमाबाई गेल्यावर मी दुकान बंद करून घरी गेलो. रविवारी कुठंही गेलो नाही. सोमवारी सकाळी पेणहून रोह्याची गाडी पकडली. नागोठण्यापर्यंत मी मनात ठरवत होतो की फक्त तांत्रिक बाजू मांडायची, नावाचा विषय काढायचा नाही. नागोठणं गेल्यावर माझी मलाच किळस आली.

ऑफिसात दहालाच पोचलो. पडद्यासमोर ऋतुजा नावाची मुलगी बसते, येणाऱ्या निरोपांवर लक्ष ठेवायला. मी तिला त्या दिवसाची नोंद छापून दे म्हटलं. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि छापली. हळूच म्हणाली, सर, त्या दिवशी एकेक नाव येत होतं ना, मला वाटलं गावात कुणाचा सत्कार आहे. नऊ पूर्ण झाल्याशिवाय निरोप पुढं पाठवायचा नाही असा आम्हाला नियम आहे. मी विचारलं, किती आले? ती म्हणाली, आठ.

अकराला सगळे बसले. निकेश साहेब टेबलाच्या मागे. समोर हिराजी, पांढरे कपडे, बरोबर गावकीचे दोघं. जनू आणि ठमाबाई दाराजवळच्या बाकावर. जनूनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. सही करायला म्हणून.

साहेबानं सुरुवात केली की यंत्रणा उत्तम चालली. नऊपैकी आठ तुकडे पोचले, म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के. नववा पोचला नाही कारण डबा वाहून गेला, आणि डबा वाहून गेला कारण राखणदार जागेवर नव्हता. जनूकडे पेन सरकवलं.

मी म्हटलं, साहेब, ते आठ तुकडे वाचून दाखवा.

तो म्हणाला, त्याची आवश्यकता नाही. मी ऋतुजानं छापलेला कागद त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं, नव्वद टक्के आलंय ना, मग वाचा, यांना कळू दे रोह्याला काय कळलं होतं. हिराजीनंही मान हलवली, वाचा की. त्याला अजून अंदाज आला नव्हता.

साहेबानं वाचलं. बारा चाळीस, ऑफिसचं नाव, योजनेचं नाव. बारा पंचेचाळीस, हिराजी गोमा पाटील. नाव ऐकून हिराजी सवयीनं ताठ बसला. देवळासमोर बसतो तसाच. साहेब पुढं वाचत गेला. बारा पन्नास, दुसरा मानकरी. बारा पंचावन्न, तिसरा. एक वाजता चौथा. एक पाचला पाचवा, एक दहाला सहावा. गावकीचे दोघे आधी स्वतःच्या घराची नावं ऐकून जरा हलले, मग त्यांची नजर खाली गेली. प्रत्येक वेळेला प्रत्येक जण मनात बांधावर उभा होता. किती वाजता कूस ओली झाली, किती वाजता माती सुटली, हे त्यांना शेतावरून माहीत होतं. आता त्याच्यासमोर नावं लागत होती.

"पाणी कुठंय?" मी विचारलं.

"ते नवव्यात," निकेश साहेब म्हणाला.

मी म्हटलं, बारा चाळीसला पहिल्या पाळीत गेलं असतं. सदतीस मिनिटं होती हातात. सगळं गाव बांधावर उभं राहिलं असतं. हा माणूस पळाला म्हणता, त्याच्या पायापेक्षा तुमचा निरोप सावकाश चालत होता.

जनू त्या दिवशी एकदाच बोलला. बाकावरून उठला नाही.

"मी पलालो, व्हय. कुठं पलालो तां पाटलाला इचारा."

हिराजी माझ्याकडे वळला. हिराजी मूर्ख नाही, कधीच नव्हता. माझ्यावर नजर ठेवूनच साहेबाला म्हणाला, "साहेब, आठवा वाचलास नाय तू. एक पंधराचा."

साहेबानं कागद उचलला. मी म्हटलं, मी सांगतो. नाथा बाळू म्हात्रे, माझा बाप. खांड पडायच्या दोन मिनिटं आधी रोह्याला ते पोचलं.

"कोनी बसवला?" हिराजीनं मला विचारलं.

"मी."

"तुला ठावा होता का, येल लागंल म्हनून?"

"होतं. फक्त मलाच नीट माहीत होतं. तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाही. मी माहीत असूनही बसवलं."

ठमाबाई माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर माया वगैरे काही आली नाही. हिशेब जुळला की बाजारातली बाई बघते तसं बघितलं आणि नजर काढून घेतली.

साहेबाला आता वाट सापडली. त्यानं ऋतुजाला नवीन कागद टाइप करायला सांगितला. तांत्रिक त्रुटी, जबाबदार व्यक्ती दिनानाथ नाथा म्हात्रे, सोळा उघाड्यांच्या देखभालीचं काम महिनाअखेर काढून घेण्यात येत आहे. जनूचं नाव त्यात नव्हतं. जुना कागद त्यानं घडी घालून खणात टाकला. मी तो मागून घेतला आणि जनूच्या हातात दिला.

नव्या कागदावर सही करायच्या आधी मी पेननं दोन ओळी वाढवल्या. राखणदारानं धावत येऊन गावकीच्या पुढाऱ्याला समक्ष निरोप दिला होता. पाण्याच्या आधी नावं घालायचा हुकूम ऑफिसचा आणि गावकीचा होता. साहेब म्हणाला, शासकीय कागदावर असं हातानं लिहिता येत नाही. मी म्हटलं, लिहून झालंय. तो म्हणाला, मग मी हे पुढं पाठवणार नाही. मी ऋतुजाला म्हटलं, मॅडम, याची एक प्रत काढा, आणि तिनं साहेबाकडे न बघता काढली. साहेबाचा चेहरा लाल झाला, पण समोर सात माणसं होती.

चार दिवसांनी गावकी बसली. मला बोलावलं नाही, निकाल फोनवर कळवला. जनू उघाडीवर राहील. म्हात्रे घराचा सातवा मान परत काढून घेतला आहे, यापुढे पुकारणार नाहीत.

मी म्हटलं, बरं झालं, पन्नास खण मोकळे झाले. सांगणाऱ्याला ते कळलं नाही. माझ्या बापाला दोनदा काढला त्यांनी, आणि दुसऱ्यांदा दार मी उघडून दिलं.

महिनाअखेरीला अजून तीन आठवडे होते. तेवढ्यात मी सोळाही डब्यांवर जाऊन निरोप परत आठ अक्षरांचा केला. कुणाची परवानगी घेतली नाही. रोह्याच्या मशीनवर ऋतुजानं तिच्या बाजूचा बदल केला, तिनंही कुणाला विचारलं नाही. तिवरखारला सगळ्यात शेवटी गेलो, नवीन खांब, नवीन डबा घेऊन. खांड मातीनं बुजवली होती, पण आतली सत्तर एकर जमीन करडी पडलेली. कडेला मिठाचा पांढरा पापुद्रा.

खांब उभा करत होतो तर हिराजी बांधावरून चालत आला. एकटा. खांबाला हात लावून बघितला. मग म्हणाला, बाकीची काढ, माझं एकट्याचं तरी ठेव, पाण्याच्या मागं ठेव पायजे तर.

खरं सांगतो, मागं ठेवायला हरकत नव्हती. पाणी पहिल्या पाळीत गेल्यावर पुढच्या पाळीत नाव जाऊ शकत होतं. हवेला त्याचं काही नव्हतं. पण मला होतं.

"नाही," मी म्हटलं.

"का?"

"जनू धापा टाकत आला तेव्हा तू फोन बघितलास म्हणून."

त्यानं मला आईवरून शिवी दिली आणि गेला. त्याचा आजा माझ्या आजाला असाच शिवी देऊन गेला असणार.

डबा चालू केला. ऋतुजाला मेसेज टाकायला रेंज नव्हती, म्हणून टॉवरचं 'पोचलं' येईपर्यंत हिरव्या दिव्याकडे बघत थांबलो. एका पाळीत आलं. बेचाळीस खण रिकामे.

जनू झोपडीच्या मागून आला. खांद्यावर नवा बांबू, हिरवा, ताजा तोडलेला, माझ्या खांबापेक्षा हातभर उंच. डब्याच्या बरोबर शेजारी त्यानं खड्डा खणायला घेतला. मी म्हटलं, काका, जरा लांब रोव, ओला बांबू अँटेनाला आडवा येतो. तो खणत राहिला. मी परत म्हटलं.

"तुजा खांब सरकव," तो म्हणाला.

ठमाबाई दारात बसून लाल लुगड्याचा तुकडा दुमडत होती. तिनं मला चहा विचारला नाही. मी पाना काढला आणि खांबाचे बोल्ट सैल करायला लागलो.